अस्वल, मनगट आणि अडीच तोळ्यांची गोळी

दिवाळीच्या चार दिवसांत टिकल्यांचे पिस्तूल हातात नसलेला मुलगा विरळा. चाप ओढला की घोडा टिकलीवर आपटतो, फट्‌ असा आवाज होतो, निळसर धूर निघतो आणि समोरचा शत्रू, म्हणजे बहुधा धाकटा भाऊ, नियमाप्रमाणे मरून पडतो. आपल्यापैकी बहुतेकांचा शस्त्रविद्येशी आलेला संबंध एवढाच. पण या टिकलीत जे घडते, तेच खऱ्या काडतुसाच्या बुडाशी घडते. तिथेही आघाताने पेटणाऱ्या द्रव्याची एक चिमुकली टोपी असते. ती पेटते, तिची ठिणगी पितळी पुंगळीतल्या दारूला लागते, दारूचा क्षणात वायू होतो आणि पुंगळीच्या तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. टोपी, दारू, पुंगळी आणि गोळी अशा चार वस्तूंचा संसार म्हणजे काडतूस. शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला. त्यांच्या ‘कार्तुशो’चे आपण काडतूस केले, जसे ‘पिस्तोला’चे पिस्तूल केले. रिव्हॉल्व्हरला मात्र आपण ‘सहाबारी’ असे झकास देशी नाव दिले, आणि या लेखात सांगायची गोष्ट त्या सहाबारीचीच आहे. माणसावर रोखण्यासाठी जन्मलेले हे हत्यार अस्वलासारख्या प्रचंड जनावरासमोर उभे करण्याची हौस काही अमेरिकन माणसांना लागली. त्या हौसेपायी काडतूस कसे फुगत गेले आणि शेवटी ते कुठे येऊन अडले, ही कथा मोठी मनोरंजक आहे.

प्रथम मापांचा उलगडा करू. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचे नाव बहुधा इंचाच्या शतांशात सांगतात. .३२ म्हणजे गोळीचा व्यास इंचाचा सुमारे बत्तीस शतांश. वजन सांगायचे ते ग्रेनमध्ये, आणि इथे आपल्या सराफकट्ट्याची आठवण होते. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया बरोबर १८० ग्रेनांचा होता आणि तोच आपला तोळा. म्हणजे अमेरिकन गोळ्यांची वजने आपण घरबसल्या तोळ्यांत मांडू शकतो. भारतात परवान्यावर मिळणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी जेमतेम अर्ध्या तोळ्याची असते आणि सेकंदाला सुमारे सातशे फूट वेगाने जाते. तिचा एकूण आघात एक मानला, तर पुढे येणारी काडतुसे आठ पट, पंधरा पट आणि शेवटी वीस पटींहून अधिक आघाताची आहेत. हा हिशेब ध्यानात ठेवावा.

जंगली जनावर अंगावर आले असता हातातल्या लहान शस्त्राने जीव वाचवावा, ही कल्पना मुळात आपल्याच भूमीवर रुजली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेब हत्तीवरून वाघाची शिकार करीत. जखमी वाघ कधीकधी हत्तीच्या गंडस्थळावर झेप घेई आणि हौद्याच्या कठड्याला पंजे घाली. अशा वेळी लांब बंदूक वळवायलाही जागा नसे. म्हणून साहेब हाताशी एक आखूड, दुनळी आणि दांडग्या भोकाचे पिस्तूल ठेवीत. काही जण जुन्या रायफलीच कापून ती बनवून घेत. पुढे विलायतेतले नामांकित कारागीर मुद्दाम ती घडवू लागले. .५७७ म्हणजे अर्ध्या इंचाहून मोठ्या भोकाची अशी पिस्तुले आजही संग्रहालयांत दिसतात. त्यांना इंग्रजीतही नाव ‘हौदा पिस्तूल’ असेच पडले आहे. शिकारीसाठी ती नव्हतीच. शिकार फसली तर वापरायची ती वस्तू होती. हा भेद पुढच्या साऱ्या कथेला लागू पडतो.

आता अमेरिकेत जाऊ. तिथल्या गुराख्याच्या कमरेला लटकणारे १८७३ सालचे कोल्ट कंपनीचे .४५ रिव्हॉल्व्हर आपण चित्रपटांतून पुष्कळ पाहिले आहे. त्यात काळी दारू असे, आणि गोळी जवळजवळ दीड तोळ्याची. माणसासाठी आणि घोड्यासाठी ते पुरेसे होते. पण आयडाहो, मोंटाना, अलास्का या डोंगराळ मुलखात ग्रिझ्ली अस्वल राहते. मोठा नर मागच्या पायांवर उभा राहिला, तर आपल्या बैठ्या घराच्या छताला डोके टेकवील. त्याच्यापुढे हे कितपत चालेल, हा प्रश्न एल्मर कीथ नावाच्या माणसाला लागून राहिला.

हा कीथ म्हणजे कादंबरीतून उठून आलेले पात्र वाटावे. जन्म १८९९ चा. लहानपणी मोंटानातल्या मिझूला गावी आगीत होरपळून त्याचा डावा हात वेडावाकडा झाला, तरी त्याच हाताने त्याने पुढे घोडे हाकले आणि गुरे राखली. डोक्यावर ताटाएवढी हॅट, तोंडात सिगार आणि कमरेला रिव्हॉल्व्हर, असा हा ठेंगणा गृहस्थ. १९२५ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, म्हणजे ४ जुलैला, पहाटे सण साजरा करावा म्हणून त्याने आपल्या जुन्या .४५ मधून हवेत बार काढले. आपण फटाके लावतो तसेच हे. फरक इतकाच की, काडतुसे त्याने स्वतः भरलेली होती, आणि त्यांत दारू बारीक कुटून जरा सढळ हाताने घातली होती. एका बारासरशी फिरत्या चक्रीचा वरचा अर्धा भागच उडून गेला. हात शाबूत राहिला हे नशीब.

दुसरा कोणी असता तर त्याने हा नाद सोडला असता. कीथने चक्रीचे तुकडे पाहून हिशेब केला. चक्रीचा घेर तोच ठेवायचा असेल तर भोके जितकी मोठी, तितक्या त्यांच्यामधल्या भिंती पातळ. .४५ ऐवजी .४४ चे काडतूस घेतले तर भिंती जाड राहतील आणि दारू अधिक सोसतील. झाले! तेव्हापासून हा माणूस .४४ स्पेशल नावाच्या एका सौम्य, सभ्य काडतुसाच्या मागे लागला. त्याने त्यासाठी स्वतःच्या आराखड्याची गोळी ओतून घेतली. तिचे टोक चपटे आणि खांदा धारदार होता. टोकदार गोळी मांसातून सुईसारखी निसटते. चपटी गोळी रुंद जखम करीत सरळ आत जाते. शिशात कथील आणि अँटिमनी मिसळले की गोळी टणक होते, हाडावर चिरडत नाही. आजही अस्वलाच्या मुलखात जाणारे लोक अशीच जड, टणक, चपट्या टोकाची गोळी पसंत करतात. माणसावर वापरायची पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरताच फुलते. अस्वलाच्या कातडी, चरबी आणि स्नायूंच्या थरांत मात्र ती फुलून वरच्यावर अडकते, मर्मापर्यंत पोचत नाही.

दरम्यान १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने .३५७ मॅग्नम हे काडतूस आणले. मॅग्नम म्हणजे लॅटिनमध्ये मोठा. शॅम्पेनच्या दुप्पट मापाच्या बाटलीचे ते नाव. इंग्रज बंदूकवाल्यांनी ते दारूच्या बाटलीवरून दुसऱ्या दारूच्या पुंगळीवर आणून बसवले, आणि आपल्या भाषेने दोन्ही दारूंना एकच शब्द ठेवला असल्यामुळे मराठीत ही कोटी आयतीच साधते. नव्या काडतुसाची पुंगळी जुन्या .३८ पेक्षा इंचाचा आठवा भाग लांब ठेवली होती. उद्देश असा की, ते चुकूनही जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये. कीथच्या फुटलेल्या चक्रीतला धडाच जणू कारखान्याने गिरवला. कंपनीतले डग्लस वेसन हे रिव्हॉल्व्हर घेऊन मोठमोठ्या जनावरांच्या शिकारीला गेले, आणि जाहिरातही झाली.

कीथचे तेवढ्याने समाधान झाले नाही. नियतकालिकांतून लेख लिहून आणि पत्रे धाडून त्याने कारखानदारांना वर्षानुवर्षे भंडावून सोडले. अखेर रेमिंग्टन कंपनीने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर तयार केले. १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम जन्माला आले. १ १/३ तोळ्याची गोळी, वेग सेकंदाला चौदाशे फुटांच्या आसपास, आणि आघात आपल्या .३२ च्या आठपट. याच वेळी रूगर या दुसऱ्या कारखान्यालाही सुगावा लागला. एका कामगाराला भंगारात नव्या काडतुसाची पुंगळी सापडली, अशी दंतकथा सांगतात. रूगरचा एक नमुना परीक्षेतच फुटला, मग त्यांनी अधिक दणकट सांगाडा बनवून १९५६ मध्ये आपलेही रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. नव्या काडतुसाची चाचणी घेणाऱ्या जाणत्या नेमबाजांनीसुद्धा हातमोजे घालण्याचा सल्ला दिला.

कीथने पुढे लिहिले की, साथीदाराच्या गोळीने जखमी होऊन पळणारे हरीण आपण .४४ मॅग्नमने सहाशे यार्डांवरून पाडले. सहाशे यार्ड म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक! लोकांनी त्याला सरळ खोटारडा ठरवले. त्याने आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याचे नावच ‘अहो, मी होतो की तिथं!’ अशा अर्थाचे ठेवले. खरे-खोटे हरीण जाणे. माझा स्वतःचा कल कीथवर विश्वास ठेवण्याकडे आहे, कारण आयुष्यभर रोज हत्यार चालवणाऱ्या माणसाच्या हाताला काय साधते, याची कल्पना आपण बैठकीत बसून करू शकत नाही. मात्र त्या एका गोळीमुळे हजारो सामान्य माणसांना वाटू लागले की, हे काडतूस विकत घेतले म्हणजे कीथचा हातही सोबत मिळतो.

तो भ्रम आणखी वाढवला चित्रपटाने. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’त क्लिंट ईस्टवुडने रंगवलेला सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस अधिकारी हेच रिव्हॉल्व्हर वापरतो आणि जगातले सर्वांत ताकदवान म्हणून त्याची फुशारकी मारतो. झाले, दुकानांत मागणीची झुंबड उडाली आणि छापील किमतीहून अधिक पैसे मोजून लोक ते नेऊ लागले. वास्तविक ती फुशारकी तेव्हाही खरी नव्हती. युटा राज्यातल्या डिक कॅसलने १९५० च्या दशकातच .४५४ कॅसल हे अधिक जोरकस काडतूस तयार केले होते. त्याची युक्ती सोपी होती. चक्रीत सहाऐवजी पाचच भोके पाडायची. एक बार कमी, पण भिंती जाड. १९८३ पासून वायोमिंगमधल्या फ्रीडम नावाच्याच गावी त्याचे देखणे पाचबारी रिव्हॉल्व्हर बनू लागले. आघात पंधरापट. त्याच राज्यातल्या जॉन लाइनबॉ या कारागिराने १९८६ च्या सुमारास रायफलीच्या पुंगळ्या कापून अर्ध्या इंचाचे काडतूस बेतले.

आणि मग २००३ साली स्मिथ अँड वेसनने .५०० मॅग्नम आणून शर्यत जवळजवळ संपवून टाकली. त्याची एक गोळी ४४० ग्रेनांची आहे, म्हणजे जवळजवळ अडीच तोळे. आघात वीसपटींहून अधिक. रिव्हॉल्व्हरही तसेच, लांब नळीचे वजन दोन किलोंहून जरा जास्त. नळीच्या तोंडाशी वरच्या बाजूला छिद्रे पाडलेली असतात, म्हणजे सुटणारा वायू वर उसळून नळीला खाली दाबून ठेवतो. अर्ध्या इंचावरच हे का थांबले? याचे एक कारण कायद्यात आहे. अर्ध्या इंचाहून मोठ्या भोकाचे शस्त्र अमेरिकन कायदा सहसा विध्वंसक साधनांत धरतो, आणि मग त्याचे सोपस्कार फार.

पण खरे कारण कायद्याच्या आधीच येऊन उभे होते. ते म्हणजे माणसाचे मनगट.

बंदुकीला दस्ता असतो. तिचा धक्का खांदा आणि अख्खे अंग मिळून झेलते. रिव्हॉल्व्हरचा धक्का झेलायला मूठभर हात. गोळीला पुढे जितकी हालचाल द्याल, तितकी मागे परत मिळणार, हा निसर्गाचा रोकडा व्यवहार आहे. धक्का कमी करायचा तर हत्यार जड करावे लागते. आणि हत्यार जड केले तर ते कमरेला कोण बाळगणार? दोन किलोंचे लोढणे चार दिवस अंगावर वागवून माणूस कंटाळतो, पाचव्या दिवशी तंबूत ठेवून पाण्याला जातो, आणि अस्वल नेमके पाण्यावर असते. याहून मोठी अडचण मनाची. ज्याला एकदा .५०० चा दणका बसला, तो पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि नकळत नळी खाली दाबतो. नेमबाजीचे शिक्षक हा दोष तत्काळ ओळखतात. धक्क्याने हत्यार उसळून बोट पुन्हा चापावर पडल्याने दुसरा बार भलतीकडेच उडाल्याचेही प्रकार घडले आहेत. तात्पर्य असे की, काडतूस आठपटीवरून वीसपटीवर गेले, पण हात कीथच्या काळचाच राहिला.

मग हे हत्यार बाळगतात कोण, आणि का? अलास्कात नदीकाठी सालमन मासा धरणारा कोळी घ्या. एका हातात गळ, दुसऱ्यात मासा, पाय गुडघाभर पाण्यात. बंदूक काठावर झाडाला टेकवलेली. त्याच माशावर अस्वलाचाही हक्क आहे. अशा माणसाच्या छातीवर चामडी पट्ट्यात अडकवलेले रिव्हॉल्व्हर तेवढे हाताच्या अंतरावर असते. म्हणजे पुन्हा ते हौदा पिस्तूलच झाले. फक्त हत्ती नाही.

आता क्षणाचा हिशेब पाहू. अस्वल दिसायला बोजड, पण धावले तर ताशी पस्तीस मैल, म्हणजे सेकंदाला पन्नास फूट. तीस यार्डांवरच्या झुडपातून ते निघाले, तर आपल्यापर्यंत पोचायला त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात पट्टा सोडायचा, हत्यार काढायचे, नेम धरायचा आणि उसळत्या डोक्यातला मेंदू किंवा मागचा कणा गाठायचा. हृदयात गोळी लागली तरी अस्वल काही सेकंद धावू शकते, आणि त्याला तेवढे पुरतात. इथे पहिला बार महत्त्वाचा. पाचव्याची पाळी बहुधा येतच नाही. म्हणूनच अनुभवी वाटाड्यांमध्ये आज दोन पंथ आहेत. एक म्हणतो, जड काडतुसाला पर्याय नाही. दुसरा म्हणतो, सोसेल असे हत्यार घ्या आणि त्याचा रोज सराव करा. अलास्कातल्या एका जुन्या वाटाड्याने २०१६ मध्ये साध्या ९ मिलीमीटर पिस्तुलाने तपकिरी अस्वल मारले आणि सोबतच्या पाहुण्यांचा जीव वाचवला. ते काडतूस या कामासाठी कोणी शहाणा सुचवणार नाही. पण माणूस गोंधळला नाही आणि गोळ्या जिथे लागायच्या तिथे लागल्या.

या वादावर अभ्यासकांनी आकडेही मांडले आहेत. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या १८८३ ते २००९ पर्यंतच्या २६९ घटना तपासल्या आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. हातातल्या लहान शस्त्रांनी अस्वलाला थोपवण्यात शेकडा ८४ वेळा यश आले, लांब बंदुकींनी शेकडा ७६ वेळा. पण बंदूक जवळ असूनही न वापरणारे आणि वापरणारे यांना झालेल्या इजांत लक्षणीय फरक आढळला नाही! कुणाला वेळच मिळाला नाही, कुणाचे हत्यार अडले, कुणाचा नेम चुकला. त्याआधी २००८ मध्ये यांतल्याच मंडळींनी दुसऱ्या एका साधनाची पाहणी केली होती. त्यात हे साधन जवळ असलेल्या शंभरांतली अठ्ठ्याण्णव माणसे सुरक्षित राहिली होती.

ते साधन म्हणजे मिरची. डब्यात दाबून भरलेला मिरचीचा अर्क. खटका दाबला की पंचवीस-तीस फुटांपर्यंत नारिंगी ढग पसरतो आणि अस्वलाच्या नाकाडोळ्यांत शिरतो. नाक हेच ज्याचे सर्वस्व, त्याला ते सोसवत नाही. १९८० च्या दशकात मोंटाना विद्यापीठात, म्हणजे ज्या मिझूला गावी कीथचा हात भाजला होता त्याच गावी, अस्वलांवर याचे प्रयोग झाले. मिरची मूळची अमेरिका खंडातलीच. पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती गोव्याला उतरली आणि आपल्या फोडणीत गेली. तिच्या जन्मभूमीत तिचा हा उपयोग सुचायला पाच शतके लागावीत, याची मौज वाटते. तिखट उधळून चोराला पळवणाऱ्या आपल्या आजीबाईंना हा शोध फारसा नवा वाटणार नाही.

अर्थात हे दोन आकडे शेजारी ठेवून मिरची जिंकली असे म्हणणे घाईचे होईल. मिरचीच्या पाहणीत नुसते कुतूहलाने जवळ आलेले अस्वलही धरलेले आहे. बंदुकीच्या घटनांत बहुतेक प्रसंग जिवावरचे. वारा उलटा असला तर ढग आपल्याच डोळ्यांत येतो, कडाक्याच्या थंडीत डब्याचा जोर मंदावतो. पण एक गोष्ट मला निर्विवाद वाटते. ढगाला नेम फारसा लागत नाही आणि तो मनगटाला धक्का देत नाही, म्हणून घाबरलेला माणूसही तो वापरू शकतो. शिवाय दोघेही जिवंत घरी जातात. हेही क्षुल्लक नाही, कारण अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत ग्रिझ्ली इतका उरला नव्हता की, १९७५ साली त्याला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले.

आपल्याकडे मेळघाटात किंवा चंद्रपूरच्या रानात मोहाची फुले वेचायला पहाटे गेलेल्या माणसाला अस्वल सामोरे येते, तेव्हा त्याच्या हातात फार तर कुऱ्हाड असते. चेहऱ्याच्या जखमा घेऊन जगणारी माणसे त्या भागात भेटतात. त्यांच्यासाठी मॅग्नम काडतुसाची चर्चा ही चैनच. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तरतूद आहे की, जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे जनावर मारले तर तो गुन्हा नाही. मात्र मेलेले जनावर सरकारचे होते.

अलास्कात नियम याहून कडक. स्वसंरक्षणासाठी अस्वल मारलेत, तर ते तिथेच टाकून घरी जाता येत नाही. नुकताच मृत्यू चुकवलेल्या, हात अजून थरथरणाऱ्या माणसाने सुरी काढून त्या धुडाचे कातडे नखांसकट सोलायचे, कवटी वेगळी करायची आणि दोन्ही ओझी वाहून नेऊन सरकारी कचेरीत जमा करायची. सोबत लेखी हकीकत द्यायची. ते कातडे त्याला मिळत नाही. हिवाळा सरत आला की अँकोरेज शहरात दरवर्षी जत्रा भरते, तिथे सरकार अशा कातड्यांचा जाहीर लिलाव करते.